सहासष्टचा स्वभाव

वडखळ आणि नागोठणे यांच्या दरम्यान गडब हे गाव ज्या रस्त्यावर लागते, त्या रस्त्याचा क्रमांक २०१० साली बदलला. तोपर्यंत तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७ होता. देशभरच्या महामार्गांना नव्याने क्रमांक दिले गेले आणि पनवेलपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा हा रस्ता ६६ झाला. गावात कोणी त्याला सतरा म्हणत नव्हते आणि आता सहासष्टही म्हणत नाही. सगळ्यांच्या तोंडी ‘गोवा हायवे’च आहे. पण गणिताची थोडी गोडी असलेल्या माणसाला हा बदल साधा वाटत नाही, कारण १७ आणि ६६ या दोन संख्यांचे स्वभाव अगदी वेगळे आहेत.

१७ ही मूळ संख्या. १ आणि १७ सोडले तर तिला कशानेही नि:शेष भाग जात नाही. १७९६ साली गाउसने, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, नुसती पट्टी आणि कंपास वापरून सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येते हे दाखवले. दोन हजार वर्षांत या प्रश्नात कोणी पुढे सरकले नव्हते. उलट ६६ ही संयुक्त संख्या. २ × ३ × ११ असे तिचे तीन मूळ अवयव, आणि तिला भाग जाणाऱ्या संख्या आठ: १, २, ३, ६, ११, २२, ३३ आणि ती स्वतः. स्वतःला वगळून बाकीच्यांची बेरीज केली तर ७८ येते, म्हणजे ६६ पेक्षा जास्त, म्हणून ती ‘विपुल’ संख्या. १ पासून ११ पर्यंतच्या सगळ्या संख्यांची बेरीज ६६ होते, म्हणून ती त्रिकोणी संख्या. पहिल्या ओळीत एक खडा, दुसरीत दोन, असे मांडत अकराव्या ओळीपर्यंत गेले की बरोबर ६६ खडे लागतात. शिवाय ३३ + २२ + ११ हेही ६६. आणि उलट-सुलट कसेही वाचले तरी ती सहासष्टच राहते.

यातले रस्त्याच्या वाट्याला काय आले? फक्त एक गुण: ती सम आहे. नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण जाणाऱ्या महामार्गांना सम क्रमांक आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम क्रमांक दिले, आणि सम क्रमांक पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत नेले. म्हणजे ६६ हा आकडा वाचूनच कळते की हा रस्ता उभा आहे आणि देशाच्या पश्चिम अंगाला आहे. १७ वरून असे काही कळत नव्हते. या रस्त्याला जवळजवळ समांतर धावणाऱ्या रेल्वेतही हेच आहे. मुंबईहून मडगावला जाणारी मांडवी एक्सप्रेस १०१०३ आणि परत येणारी १०१०४. विषम गाडी जाते, सम गाडी येते. आता गंमत अशी की १०१०३ ही मूळ संख्या आहे. हे तपासायला संगणक लागत नाही. तिचे वर्गमूळ १०० पेक्षा किंचितच जास्त आहे, त्यामुळे १०० च्या आतल्या मूळ संख्यांनी भाग देऊन पाहिले की काम झाले. या २५ संख्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलाला पाठ असतात. पंचवीस भागाकार, प्रत्येकात बाकी उरते, आणि १०१०३ ची मूळता पक्की होते. मांडवी एक्सप्रेसला मात्र तिचा काडीचा उपयोग नाही. तो गुण संख्येचा आहे, गाडीचा नाही.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. संख्येचा कोणताही प्रकार सांगितला गेला, मूळ असो, विपुल असो, ‘लकी’ असो, तर त्याला दोन प्रश्न विचारावेत. पहिला: संख्या लिहिण्याची रीत बदलली तर हा गुण टिकतो का? दुसरा: हा प्रकार पाडून काय शोधायचे होते? आपल्याकडे शाळेत प्रकार पाठ करून घेतात आणि बाजारात प्रकार विकतात, पण हे दोन प्रश्न दोन्हीकडे विचारले जात नाहीत. त्याचे नुकसान आपल्याला वाटते त्याहून मोठे आहे.

पहिला प्रश्न आधी घेऊ. आपण दहाच्या पायात लिहितो, कारण हाताला दहा बोटे आहेत. पण आपल्याच घरात दुसरी मोजणीही नांदते. आंबे डझनाने विकले जातात आणि अंगठ्याने चार बोटांची पेरे मोजणारी बाई एका हातावर बारा मोजते. सहासष्ट आंबे म्हणजे साडेपाच डझन: पाच पूर्ण डझन आणि वर सहा. दहाऐवजी बाराच्या पायात लिहिणारी माणसे असती तर त्यांनी ही संख्या ‘५६’ अशी लिहिली असती. मग ६६ च्या गुणांचे काय झाले असते? खडे तेवढेच, म्हणून त्रिकोण तसाच जमला असता. दोनने, तीनने, अकराने तसाच भाग गेला असता. विभाजक आठच राहिले असते, विपुलताही तीच. पण उलट-सुलट सारखे दिसणे त्या क्षणी संपले असते, कारण ते खड्यांचे नव्हतेच, आपल्या लिहिण्याचे होते. ही रेघ एकदा नीट ओढली की संख्यांविषयी बोलले जाणारे पुष्कळ काही आपोआप दोन बाजूंना पडते.

दुसरा प्रश्न शाळेतला. ‘१ ही मूळ संख्याही नाही आणि संयुक्तही नाही’ हे वाक्य सहावीच्या आसपास प्रत्येक मराठी मूल पाठ करते, आणि परीक्षेत ते हमखास येते. शिकवताना मला मुलांनी विचारले आहे की १ ला १ ने आणि स्वतःनेच भाग जातो, मग ती मूळ का नाही? मार्गदर्शक पुस्तकात याला उत्तर असते ‘व्याख्येनुसार’. ते खोटे नाही, पण त्याने मुलाचे तोंड बंद होते. खरे उत्तर अगदी जवळ आहे. ६६ चे मूळ अवयव २, ३, ११. दुसऱ्या कोणत्याही मूळ संख्यांचा गुणाकार करून ६६ मिळत नाही. कोणतीही संख्या घ्या, तिची अशी फोड एकच असते, आणि सगळा अंकसिद्धांत या एका गोष्टीवर उभा आहे. १ ला मूळ म्हटले की ६६ = १ × २ × ३ × ११, ६६ = १ × १ × २ × ३ × ११, अशा वाटेल तितक्या फोडी होतात आणि ‘एकच फोड’ हे म्हणणेच कोसळते. म्हणून १ ला बाजूला ठेवले. म्हणजे हा नियम आकाशातून पडला नाही, माणसांनी कारणासाठी केला, आणि त्यांना तो करायला वेळ लागला. १९१४ साली अमेरिकेत डेरिक नॉर्मन लेमर यांनी एक कोटीपर्यंतच्या मूळ संख्यांची यादी छापली, तिच्यात पहिली संख्या १ आहे. लेमर काही अडाणी नव्हते. त्यांच्या कामात त्या प्रश्नाने अडत नव्हते, एवढेच. हे मुलाला सांगितले तर त्याला कळते की वर्गीकरण माणसे करतात, कारण देऊन करतात आणि गरज पडली तर सुधारतात. बारा वर्षांच्या मुलाला एवढे कळणे म्हणजे अर्धे विज्ञान कळणे आहे, असे माझे ठाम मत आहे.

घरातही आपण वर्गीकरण करत असतो. लग्नाच्या आहेराच्या पाकिटात २१, ५१, १०१, ५०१ रुपये घालतात, पाकिटावर एक रुपयाचे नाणे चिकटवलेले असते. का, असे विचारले तर बरेच जण सांगतात की रक्कम भागली जाऊ नये, जोडप्याचे नाते विभागले जाऊ नये. यामागची भावना सुंदर आहे. पण गणित पाहिले तर २१ ला ३ आणि ७ ने भाग जातो, ५१ ला ३ आणि १७ ने, ५०१ ला ३ आणि १६७ ने, १००१ ला ७, ११ आणि १३ ने. या नेहमीच्या रकमांपैकी १०१ तेवढी मूळ. म्हणजे परंपरेला दोघांत न वाटली जाणारी रक्कम हवी आहे, ती विषम असली की पुरे. प्रश्न दोनचाच होता, कारण लग्न दोघांचे. इथे वर्ग आणि त्याचे कारण एकमेकांना बरोबर बसतात आणि कोणाची फसवणूक होत नाही.

फसवणूक व्हायला लागते ती कारण गळून पडते आणि वर्ग मात्र उरतो तेव्हा. ग्रीक गणिती नायकोमाकस याने विपुल, न्यून (स्वतःला वगळून विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमी) आणि परिपूर्ण (बेरीज संख्येइतकीच) असे प्रकार सांगितले, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. विपुल संख्या म्हणजे जादा अवयव फुटलेल्या प्राण्यासारखी, न्यून संख्या म्हणजे एखादा अवयव नसलेल्यासारखी, आणि ६ किंवा २८ सारखी परिपूर्ण संख्या तेवढी सद्गुणी, असे त्याने लिहून ठेवले. विभाजकांची बेरीज हा खरा गुण, लिहिण्याची रीत बदलूनही टिकणारा. पण त्यातून संख्येचे शील काढणे कोणत्याही पायात टिकत नाही. म्हणून पहिला प्रश्न पुरेसा नाही, दुसराही विचारावा लागतो.

गडबच्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांच्या पाटीवर एमएच-०६ असते, आणि ही नोंदणी पेणच्या आरटीओत होते. नवी गाडी घेताना पुढचे चार अंक पसंतीने मागता येतात, त्यासाठी जादा पैसे भरावे लागतात, आणि ते भरायला माणसे तयार असतात, कारण कोणीतरी सांगितलेले असते की तुमचा मूलांक ९, गाडीच्या अंकांची बेरीज ९ आली पाहिजे. ज्याच्या पदरी खूप पैसा आहे त्याने तो कसा खर्च करावा हे मी सांगणार नाही. पण कर्ज काढून टेम्पो घेणाऱ्या तरुणानेही यासाठी खिशाला कात्री लावलेली मी पाहिली आहे, आणि त्याचा मला राग येतो.

मूलांक म्हणजे काय? संख्येतल्या अंकांची बेरीज करायची, तिच्या अंकांची पुन्हा बेरीज, शेवटी एक अंक उरेपर्यंत. हे गूढ नाही. आठवीतला मुलगा सिद्ध करू शकतो की हा अंक म्हणजे त्या संख्येला ९ ने भागल्यावर उरणारी बाकी आहे, बाकी शून्य आली तर ९ मानायचे. १० मधून ९ वजा केले की १ उरतो, १०० मधून ९९ वजा केले की १ उरतो, १००० मधून ९९९. म्हणून एखादा अंक कोणत्याही स्थानी असला तरी ९ च्या दृष्टीने तो नुसता तेवढाच. मग ०००१ पासून ९९९९ पर्यंतच्या एका मालिकेत मूलांक ९ च्या किती गाड्या? ९९९९ भागिले ९, बरोबर ११११. मूलांक ८ च्या? त्याही ११११. नऊच्या नऊ मूलांकांच्या वाट्याला समान गाड्या येतात आणि त्या सगळ्या त्याच खड्ड्यांतून जातात.

आता पहिला प्रश्न विचारा. दहाच्या पायात ६६ चा मूलांक ६ + ६ = १२, १ + २ = ३. बाराच्या पायात तीच संख्या ‘५६’ आहे, तिच्या अंकांची बेरीज ११, आणि त्या पायात ११ हा एकच अंक असतो, सगळ्यात मोठा. आपल्याकडे ९ ला जो मान, तो तिथे ११ ला. म्हणजे दहा बोटांच्या हिशेबात मधला वाटणारा सहासष्ट डझनाच्या हिशेबात सर्वश्रेष्ठ ठरतो. जपाच्या माळेचे १०८ मणी घ्या. हाच आकडा आज आपण रुग्णवाहिकेसाठी फिरवतो. दहाच्या पायात त्याचा मूलांक ९. बाराच्या पायात १०८ म्हणजे ‘९०’, तिथेही बेरीज ९, पण तिथे ९ हा वरून तिसरा अंक. त्याउलट १०८ = १ × २ × २ × ३ × ३ × ३, म्हणजे एक १, दोन २ आणि तीन ३ यांचा गुणाकार. ही गोष्ट कोणत्याही पायात लिहा, खरीच राहते, आणि मला ती मूलांकापेक्षा कितीतरी देखणी वाटते. माणसाचे भाग्य त्याला किती बोटे आहेत यावर ठरत असेल तर ते भाग्य काय कामाचे, हा प्रश्न अंकशास्त्राच्या दुकानात कोणी विचारत नाही.

मात्र एक गोष्ट इथेच सांगायला हवी, नाहीतर माझा युक्तिवाद अर्धवट राहील. लिहिण्यावर अवलंबून असलेला गुण म्हणजे फालतू गुण, असे मी म्हणत नाही. भाताच्या गिरणीवरचे किंवा पेठेतल्या पेढीवरचे जुने दिवाणजी याचा पुरावा आहेत. संध्याकाळी रोजमेळ जमत नाही, २७० रुपयांचा फरक पडतो आहे. दिवाणजी आधी २७० ला ९ ने भाग जातो का पाहतात. जातो, ३० येतात. मग ते सगळे कागद पुन्हा तपासत नाहीत. शतक आणि दशक या जागांवरच्या अंकांत ३ चा फरक असलेली नोंद शोधतात, कारण शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले की फरक नेहमी ९ च्या पटीतच येतो. ६३० चे कुठेतरी ३६० झालेले असतात. तीच ९ ची बाकी आहे, जिच्यावर मूलांकाचा बाजार चालतो. चूक लिहिण्यात होते, म्हणून लिहिण्याचा गुण तिथे बरोबर कामी येतो. आधार क्रमांकातला शेवटचा अंकही याच कामाचा आहे: आधीच्या अकरा अंकांवरून तो काढलेला असतो, म्हणजे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटले तर यंत्राला कळावे. वर्ग तोच, प्रश्न वेगळा, आणि त्यामुळे एक काम प्रामाणिक आणि दुसरे फसवे.

याच रेघेवर उभे राहून दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्याकडे पाहायला हवे. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. निवृत्तिवेतन पुरत नव्हते म्हणून पुढे ते शिकवण्या करत. स्वतःचे शोध ते स्वखर्चाने लहान पुस्तिकांत छापत. आणि आयुष्यभर त्यांनी अभ्यास केला तो बहुतांशी रेघेच्या त्या दुसऱ्या बाजूचा, लिहिलेल्या अंकांचा.

४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५; २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. जिच्या अंकांच्या बेरजेने तिलाच भाग जातो ती हर्षद संख्या. हे नाव त्यांनीच दिले. १, १२१, १२३२१ या १, ११, १११ च्या वर्गांच्या मालिकेला त्यांनी डोंबिवली स्टेशनावरून ‘डेम्लो’ म्हटले. आणि स्वयंभू संख्या: १३ मध्ये तिच्या अंकांची बेरीज मिळवली की १७ होतात, म्हणून १३ ही १७ ची जनक, ६० मध्ये ६ मिळवले की ६६. पण २०, ३१, ४२, ५३ यांना असा जनकच नाही. १०८ लाही नाही. देवळालीतून १९६३ साली याविषयीची पुस्तिका निघाली. १९७४ साली कोलंबियातल्या बर्नार्डो रेकामान यांनी हाच प्रश्न स्वतंत्रपणे विचारला, म्हणून जगात कोणी याच संख्यांना कोलंबियन संख्या म्हणते, कोणी देवळाली संख्या. पुढच्याच वर्षी, मार्च १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, आणि मग इथल्यांनीही त्यांच्याकडे वळून पाहिले. हा क्रम आपल्याला शोभणारा नव्हता.

त्यांना दुर्लक्षणाऱ्यांच्या पाठीशी मोठे नाव होते. रामानुजनला जगापुढे आणणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या ‘अ मॅथमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात नेमके अशा गोष्टींना बाजूला सारले आहे. चार अंकी संख्यांपैकी ८७१२ आणि ९८०१ या दोनच आपल्या उलट्या रूपाच्या पटीत असतात (८७१२ = ४ × २१७८, ९८०१ = ९ × १०८९); कोड्यांच्या सदराला हे ठीक, गणितज्ञाला यात काही नाही, असे त्यांचे म्हणणे. याच हार्डींनी आपल्याला १७२९ ची टॅक्सीची गोष्ट दिली. १७२९ ही दोन घनांची बेरीज म्हणून दोन रीतींनी लिहिता येणारी सर्वांत लहान संख्या: १ + १७२८ आणि ७२९ + १०००. हा गुण कुठल्याही पायात टिकणारा. पण १ + ७ + २ + ९ = १९, आणि १७२९ = १९ × ९१, म्हणून ती हर्षदही आहे, आणि हा गुण दहाच्या पायातला. एकाच संख्येवर हार्डींची बाजू आणि कापरेकरांची बाजू भेटतात.

हार्डींच्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या गोष्टीतून दुसरी गोष्ट निघत नाही ती खोल नाही, हा त्यांचा निकष मला मान्य आहे. पण त्यांच्याच उदाहरणाला तो लावून पाहू. पाच हा पाया घ्या, ज्यात ० ते ४ एवढेच अंक असतात. तिथे १०३४ × ४ = ४३०१, म्हणजे पुन्हा उलटे रूप. आपल्या भाषेत १४४ × ४ = ५७६. कारण उघड आहे. ९८०१ हा ९९ चा वर्ग, आणि ९९ म्हणजे १०० वजा १. पाचच्या पायात १०० च्या जागी २५, म्हणून २४ चा वर्ग, ५७६. पाया कोणताही घ्या, पायाच्या वर्गातून १ वजा करा आणि उत्तराचा पुन्हा वर्ग करा: तो नेहमी आपल्या उलट्या रूपाच्या पटीत येतो. हार्डींनी कोडे म्हणून टाकून दिलेल्या वाक्यात सगळ्या पायांना लागू पडणारे एक छोटे प्रमेय दडलेले होते. ‘दहाच्या पायातच का?’ एवढा एक प्रश्न विचारला की ते बाहेर येते. लिहिण्याचा गुणही प्रश्न पुढे नेला तर संख्येच्या गुणापर्यंत पोचवतो. कापरेकरांचे मोठेपण मला इथे दिसते. त्यांनी अंकांना शकुन बनवले नाही; ‘कोणकोणत्या संख्यांना हे लागू, आणि कोणत्यांना नाही’ हे ते शेवटपर्यंत विचारत राहिले.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध १९४६ चा, ६१७४. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा, वजाबाकी करा, पुन्हा तेच. कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते साल, १९८१, घेऊन पाहू. ९८११ − ११८९ = ८६२२. ८६२२ − २२६८ = ६३५४. ६५४३ − ३४५६ = ३०८७. ८७३० − ०३७८ = ८३५२. ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ७६४१ − १४६७ = ६१७४, इथून सुटका नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या इथे येते.

मुलांना हे दाखवले की ती हरखतात, आणि पुष्कळ शिक्षक तिथेच थांबतात. थांबू नये, कारण खरा आनंद यापुढे आहे. मोठ्यातून लहान या क्रमाने अंक अ, ब, क, ड मानले तर वजाबाकी येते ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). म्हणजे उत्तर चारही अंकांवर अवलंबून नाही, फक्त दोन फरकांवर आहे. बाहेरचा फरक १ ते ९, आतला शून्यापासून बाहेरच्याइतका. अशा जोड्या होतात ५४. जवळजवळ दहा हजार संख्यांचा पसारा एका वजाबाकीत ५४ वर येतो, आणि ५४ उदाहरणे एका वहीत मावतात. एकही न सोडता ती तपासली की प्रमेय सिद्ध. ६१७४ चे दोन फरक ६ आणि २: ९९९ × ६ + ९० × २ = ५९९४ + १८० = ६१७४. गडबमधल्या शाळेत हे एका तासात होण्यासारखे आहे, फळा आणि खडू एवढ्यावर.

मग पाया बदलून पाहावे. पाचच्या पायात ३०३२ घ्या: ३३२० − ०२३३ = ३०३२, ती स्वतःकडेच परत येते. दोनच्या पायात, ज्यात संगणक लिहितो, एकच मुक्काम नाही, दोन आहेत. १००० − ०००१ = ०१११, आणि १११० − ०१११ = ०१११; पण ११०० − ००११ = १००१, आणि १००१ चे अंक पुन्हा ११०० असेच लागतात. म्हणजे चार जागांत १ हा अंक एकदा किंवा तीनदा आला असेल तर संख्या ०१११ ला, आपल्या ७ ला, जाते. दोनदा आला असेल तर १००१ ला, आपल्या ९ ला. सगळ्या संख्यांचे दोन वर्ग पडले, आणि ते का पडले हे पाडणाऱ्या मुलाला ठाऊक आहे. त्याला आता तीनचा पाया द्यावा, आणि मुक्काम किती निघतात हे त्यानेच येऊन सांगेपर्यंत आपण गप्प बसावे.